फुगडी घातली म्हणून नाम बुडत नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी महिला सत्संगात जप झाल्यावर आम्ही अर्धा तास झिम्मा-फुगडी खेळलो. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर गेला आणि दोन-तीन जणांनी विचारलं, "हा सत्संग आहे की मंगळागौर?" राग अजिबात नाही. पण विचारलंच आहे तर आमची बाजू मांडतो.

आमच्यात एक ताई येतात. माहेर अमळनेरकडचं. मिस्टर लूम्सवर रात्रपाळीला, बारा तासांची ड्युटी. ताई घरी साड्यांवर स्टोन चिकटवतात. मागच्या वर्षी त्यांची आई गेली आणि त्यांना वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून झोप गेली, बोलणं गेलं. सत्संगाला यायच्या, पण भिंतीला टेकून गप्प. माळ हातात, मन कुठेच नाही. आणि आम्ही काय केलं? "मन लागत नाही ना, मग अजून दोन माळा वाढवा." आज ते आठवलं की आमचीच मान खाली जाते. थकलेल्या बाईच्या डोक्यावर आम्ही अजून एक हंडा ठेवला.

आपले संत असं करत नव्हते हो. तुकोबांच्या गाथेत फुगडी, लगोऱ्या, विटीदांडू यांवर अभंग आहेत. नाथांनीही भारुडात फुगडी आणली. आळंदीहून माऊलींची पालखी निघते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेला की वारकरी काय करतात? पाय सुजलेले असतात, तरी फुगड्या घालतात, उड्या मारतात. साठीची माणसंसुद्धा! त्यांना कोणी विचारत नाही की ही वारी आहे की खेळ. आणि आपला कान्हा तर गोपाळांबरोबर खेळता खेळताच काला वाटायचा, उष्टं-खरकटं न बघता.

डॉक्टर लोकही आता हेच सांगतात. उदास माणूस म्हणतो, "आधी मनाला बरं वाटू दे, मग बाहेर पडेन." ते म्हणतात, उलट करा. आवडीचं थोडंसं काही करायला लागा, मन मागून येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३००० हून जास्त अभ्यास एकत्र पाहिले. गाणं, नाच, कला यांचा शरीराला आणि मनाला उपयोग होतो, असं त्यात आढळलं. आपल्या आज्या हे कानबाईच्या रात्री जागून करतच होत्या की!

खरं तर सुरतेत राहून आपण हे विसरावं याचंच नवल वाटतं. इथली माणसं रविवार संध्याकाळी डबे घेऊन डुमसला जातात, रस्त्याच्या कडेला चादर टाकून सहकुटुंब जेवतात. आपण खान्देशातून तापीच्या काठाकाठाने इथे आलो ते कामासाठी, आणि कामातच राहिलो. सुट्टीला झोप आणि मोबाईल. मोबाईल बघणं म्हणजे विसावा नाही बरं का, त्यात हात धरायला कोणी नसतं.

तर त्या गुरुवारी एका माईने भुलाबाईचं गाणं सुरू केलं. ताई अर्धवट उठल्या, परत बसल्या. कोणीतरी हात पुढे केला. दोन गिरक्या झाल्या असतील, ताई हसल्या. मग तिथेच खाली बसून खूप रडल्या. म्हणाल्या, "आई शिकवायची ही गाणी. वर्षभर तिचं फक्त मरणच आठवत होतं."

त्या बऱ्या झाल्या असं आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि चालूच ठेवायच्या आहेत. खेळ औषधाच्या जागी नाही, नामाच्याही जागी नाही. पण या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, "गुरुवारी आहे ना?"

आहे. चार वाजता जप, पाच वाजता खेळ. गुडघे दुखत असतील त्यांनी टाळ्या वाजवायच्या, गाणी सांगायची. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी तर नक्कीच यायचं, पदर खोचून. आणि दादा लोकांनो, त्या दिवशी पाचला चहा तुम्ही करायचा.

जय गुरुदेव 🙏
महिला सत्संग सेवेकरी, सुरत