वाया गेलेलं मत

मराठी भाषेनं 'पक्ष' या शब्दाला निदान तीन अर्थ दिले आहेत. पक्ष म्हणजे पंख, पक्ष म्हणजे बाजू आणि पक्ष म्हणजे पंधरवडा. आपल्या पुढाऱ्यांनी हे तिन्ही अर्थ सार्थ करून दाखवले. पंख फुटले की ते उडतात, उडाले की बाजू बदलतात आणि नव्या बाजूला पंधरवडाभर तरी निष्ठेनं राहतात. या हिशेबानं 'अपक्ष' म्हणजे ज्याला पंख नाहीत, बाजू नाही आणि मुदतही नाही असा प्राणी. तरीसुद्धा 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात जे 4,136 उमेदवार उभे होते, त्यांतले 2,086 अपक्ष होते. निवडून आले दोन. उरलेल्या 2,084 जणांना घरच्यांनी अडवलं कसं नाही, हा प्रश्न मला सर्वांत आधी पडला.

बरं, सरकारनं अडवायची सोय केलेली नाही असंही नाही. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आता दहा माणसं एका कागदावर सह्या करतील असा कागद आमच्या इमारतीत गणपतीच्या वर्गणीचासुद्धा नसतो. शिवाय अनामत. 1951 च्या कायद्यात ती अडीचशे रुपये होती, आता दहा हजार आहे. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती सरकारजमा. आणि एवढं करून चुकून निवडून आलाच, तर 1985 चा पक्षांतरबंदी कायदा त्याला सांगतो की, आता कोणत्याही पक्षात जाशील तर आमदारकी जाईल. पक्षवाले दोनतृतीयांश मिळून खुशाल दुसऱ्या घरात जाऊ शकतात. अपक्षानं मात्र एकपत्नीव्रत पाळायचं, तेही पत्नी नसताना!

तरीही या प्राण्याला कमी लेखू नये. 1995 साली राज्यात 45 अपक्ष निवडून आले होते. युतीकडे 288 पैकी 138 जागा होत्या. तेव्हा सरकार स्थापन करायला याच बिनपंखी मंडळींची मनधरणी करावी लागली.

आमच्या कोपरीत मात्र असलं भाग्य कोणाच्या वाट्याला आलं नाही. कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. पश्चिमेचे ठाणेकर आम्हाला 'पलीकडचे' म्हणतात. जणू रुळांमधून नदी वाहते आणि आम्ही होडीनं येतो. 2009 पासून विधानसभा मतदारसंघाच्या नावात कोपरी पाचपाखाडीच्या आधी येते, एवढाच काय तो आमचा मान. अशा गावात 2017 च्या महापालिका निवडणुकीला आमच्या शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर उभे राहिले. निशाणी कपबशी. महापालिकेच्या 131 जागा आणि बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड असे उमेदवारांचे चार गट. पक्षाचे चौघे मिळून प्रभाग वाटून घेत, मास्तर एकटेच सगळा पायी फिरत. पत्रकावर मागण्या दोनच : तिसऱ्या मजल्यावर पाणी चढावं आणि फुटपाथवर माणसाला चालता यावं.

"माणूस सोन्यासारखा आहे," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पण मत कशाला वाया घालवायचं?"

"वाया म्हणजे?"

"म्हणजे, ते येणार आहेत का निवडून? मत म्हणजे काय भाजी आहे, उरली तर दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालायला?"

हे वाक्य मला अजून सोडत नाही. मत वाया जातं म्हणजे नक्की काय होतं? 2024 साली आमच्या मतदारसंघात एकनाथ शिंदे यांना 1,59,060 मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या केदार दिघे यांना 38,343. फरक 1,20,717. म्हणजे विजयी बाजूच्या 1,20,716 मतदारांनी त्या दिवशी घरी बसून पोहे खाल्ले असते तरी निकाल तोच लागता. मग वाया कोणाचं गेलं? निकाल फिरवतं तेच मत कामी आलं म्हणायचं, तर जिंकणाऱ्याची मतं हरणाऱ्याच्या मतांपेक्षा अधिक वाया जातात. ती भरलेल्या बादलीत पडतात, इतकंच.

आणि गंमत बघा. 2013 नंतर यंत्रावर 'वरीलपैकी कोणी नाही' असं बटण आलं. ते दाबणाऱ्याला लोक बाणेदार म्हणतात. पण हाडामांसाचा माणूस उन्हातान्हात फिरून उभा राहतो, त्याला दिलेलं मत तेवढं वाया!

तुम्ही म्हणाल, गणित तुमच्या सोयीचं निवडलंत. खरं आहे. मग गैरसोयीचंही सांगतो. 2014 साली रायगड लोकसभेत सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं पडली. त्यांतली किती जाणूनबुजून आणि किती घाईत, हे यंत्राला विचारता येत नाही. अमेरिकेत 2000 साली फ्लोरिडात बुश 537 मतांनी जिंकले. तिथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना 97,488 मतं होती. नेडरना मत देणाऱ्यांत बुश मुळीच नको असलेले पुष्कळ होते. त्यांची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ राहिली, पण धुण्याचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात गेलं. तेव्हा 'मी आपला मनाला पटेल त्याला मत देतो, पुढचं देव जाणे' हेही काही फार मोठं नीतिशास्त्र नव्हे. मत ही साक्ष आहे तशीच ती कृतीही आहे, आणि कृतीचं फळ दुसऱ्यालाही भोगावं लागतं.

मग करायचं काय? मला वाटतं, 'वाया जाईल' असं मनात आलं की स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला भीती कशाची वाटते आहे? माझ्या या मतामुळे खरोखर एखादा घातक माणूस निवडून येईल याची, की निकालाच्या संध्याकाळी मी हरलेल्यांत मोजला जाईन याची? पहिली भीती वाटत असेल तर मन मारावं, त्यात कमीपणा नाही. पण दहांतल्या नऊ वेळा भीती दुसरीच असते. आपण मत देत नसतो, घोड्यावर पैसे लावत असतो. आणि रेसमध्ये निदान पैसे तरी मिळतात. इथे घोडा जिंकला तर तो आपल्याला ओळखतही नाही.

चेंदणी कोळीवाड्यातली आमची मासळीवाली मावशी यात माझ्यापेक्षा हुशार आहे. "भाऊ, कोपऱ्यावर नवी पाटी बसली ना, की जुनीचा भाव उतरतो. मग नवीचा एक बोंबील नाय खपला तरी." मास्तरांचं तसंच झालं. त्यांची पत्रकं लोक वाचायला लागले तशी मोठ्या पक्षाची मंडळी, लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीत, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आली आणि नळ सोडून बघून गेली.

मास्तरांची अनामत गेली. मतं तीन आकडी पडली. मी कुणाला दिलं ते सांगत नाही; मतदान गुप्त असतं, विशेषतः घरात. निकालानंतर आठवड्यानं मास्तर अष्टविनायक चौकात भेटले. वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

"वाईट कसलं?" ते म्हणाले. "घरची तीन मतं सोडली तर बाकीची कुणाची, ते काही केल्या कळत नाही. त्यामुळे आता रस्त्यात दिसेल त्या प्रत्येकाशी चांगलं वागावं लागतं."