दोराच्या टोकाची गाठ

रॅपलिंगच्या दोराच्या टोकाला आठच्या आकड्यासारखी एक गाठ मारतात. बहुतेकदा उतरणारा तिच्यापर्यंत पोचतही नाही. मग ज्याला दोर नीट हाताळता येतो, त्याने ती का मारावी?

2019 मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिकोमध्ये ब्रॅड गोब्राइट हा निष्णात अमेरिकन गिर्यारोहक उतरताना दोराच्या टोकावरून निसटला आणि गेला. टोकाला गाठ नव्हती. कौशल्य भरपूर होतं, पण कौशल्यही थकतं, घाईत असतं. आत्ता शुद्धीवर असलेल्या ‘मी’ने थोड्या वेळानंतरच्या दमलेल्या ‘मी’साठी केलेली सोय म्हणजे ही गाठ.

तिची दुसरी बाजूही बघा. साधी गाठ ताण आला की आवळून बसते. आठाची त्यामानाने सहज सुटते. आणि ती सोडावीच लागते. खाली पोचल्यावर न सोडता दोर ओढला, तर ती वरच्या कडीत अडकते. जिने वाचवायचं, तीच अडवते.

आपण मुलांना, जोडीदाराला, स्वतःलाही काळजीपोटी बंधनं घालतो. त्यांना एवढंच विचारावं: तू टोकाशीच अडवतेस ना? आणि काम झाल्यावर सुटतेस ना?