बांधापलीकडचे गवत

आपला वाफा निंदून स्वच्छ केला म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? हा प्रश्न देहूरोडच्या परसबागांतून दर पावसाळ्यात उभा राहतो.

गाजरगवताचेच उदाहरण घ्या. हे मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या देशात त्याची नोंद १९५६ साली पुण्याहून झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या एकेका झाडास हजारो बारीक बिया येतात, व त्या वारा, पाणी आणि गाड्यांची चाके यांबरोबर दूर जातात. म्हणून जो मनुष्य फुललेले गवत उपटून सडकेवर फेकतो, तो ते नाहीसे करीत नाही. शेजाऱ्याच्या दारी पोचवितो. आणि जो बांधापलीकडील पडीक जागा 'ती आपली नव्हे' म्हणून सोडतो, त्याच्या वाफ्यात ते पुन्हा उगवते.

कोणी म्हणेल, जे मी पेरले नाही त्याचा दोष मजवर कसा? दोष नसेल, परंतु कर्तव्य केवळ दोषातूनच उत्पन्न होते असे नाही. जे आपल्या हाताशी आहे व ज्याने दुसऱ्यास पीडा होते, ते दूर करणे हेही आपलेच काम होय.

तर फुलोरा येण्यापूर्वी, जमीन ओली असता, हातांस फडके गुंडाळून हे गवत मुळासकट उपटावे. कारण त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगास खाज सुटते. मग ते खड्ड्यात कुजवावे, म्हणजे खत होते. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरावा; तो दाट वाढून गाजरगवतास दाबतो, व कोवळा असता भाजीसही येतो. नुसते उपटून भागत नाही. रिकाम्या जागी काही चांगले लावावेच लागते.