उसन्या हसण्याचे उत्तरदायित्व

रूपांतरित नाटकाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा इमानाचा प्रश्न उपस्थित करते. मूळ संहितेचे किती राखले, किती सोडले, याचा हिशेब मांडला जातो. प्रहसनाच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. हसण्याला कोणीतरी लक्ष्य लागते आणि प्रहसन एका समाजातून दुसऱ्या समाजात गेले की हे लक्ष्यही बदलते. म्हणून येथे खरा नैतिक प्रश्न असा, की उसने आणलेले हसू नव्या भूमीत कोणाच्या वाट्याला येते?

मुंबईत १७७६ साली उभ्या राहिलेल्या नाट्यगृहात हौशी इंग्रज मंडळी आपल्या मायदेशातील नाटके करीत. त्यांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. नट आणि प्रेक्षक एकाच गोटातले. भोवतालच्या शहराला त्या हसण्याची झळ पोचत नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांना ही सोय नव्हती. त्यांचे हसू ज्यांच्यासमोर उमटायचे, त्यांच्याच घरादाराविषयी ते असणार होते.

मोलिएरच्या 'स्गानारेल' (१६६०) या प्रहसनाचा धागा आर्थर मर्फीने 'ऑल इन द राँग'मध्ये (१७६१) विणला आणि मर्फीवरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' (१८९३) हे गद्य नाटक रचले. पदांची भर पडून १९१६ साली तेच 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. घोटाळ्याची यंत्रणा तीनही भाषांत जवळजवळ एकच आहे: भोवळ आलेली तरुणी, तिला सावरणारा परपुरुष, ते पाहणारी त्याची पत्नी आणि भलत्याच हाती लागलेली तसबीर. अशी यंत्रणा भाषेची सीमा सहज ओलांडते. माणसे मात्र तशी ओलांडत नाहीत.

मोलिएरची आणि मर्फीची प्रेमिका प्रतिष्ठित घरातील अविवाहित कन्या आहे. संमतिवयाच्या कायद्यावरून (१८९१) ज्या महाराष्ट्रात रण माजले होते, तेथे कुलीन मुलीचे लग्न बालपणीच उरके. स्वतःच्या मनाने प्रियकर निवडणारी प्रौढ कुमारिका देवलांनी आणायची कोठून? त्यांनी रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केले. ही वरवर पाहता रूपांतराची एक तांत्रिक सोय आहे. परंतु तिने नाटकाचे नैतिक केंद्रच हलवले.

कृत्तिकेवर फाल्गुनराव संशय घेतो तेव्हा आपण हसतो, कारण तो संशय त्याच्या स्वभावाचा विकार आहे. कृत्तिकेचे कुलवधूपण प्रेक्षकाच्या मनात अढळ असते. रेवतीची गोष्ट निराळी. तिच्याविषयीचा संशय समाजाने आधीच तयार करून ठेवलेला आहे. अश्विनशेठाच्या मनात किंतु येताच त्याच्या संतापाला तिच्या कुळाचा शब्द आयता सापडतो. एकाच तसबिरीने दोन स्त्रिया अडचणीत येतात. पण एकीला फक्त नवऱ्याचा गैरसमज दूर करायचा आहे, तर दुसरीला आपल्या जन्माविरुद्ध साक्ष द्यायची आहे.

देवलांचे मोठेपण असे, की त्यांनी प्रेक्षकाला रेवतीला हसू दिले नाही. हसण्याचा रोख संशय घेणाऱ्यांवर राहतो; नायकिणीच्या मुलीची निष्ठा खरी ठरते आणि तिचा अविश्वास करणारा लज्जित होतो. त्या काळच्या प्रेक्षागृहात ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही या नाटकाच्या सुखान्तापाशी थबकले पाहिजे. सगळा अविश्वास अखेर गैरसमजच असतो आणि तसबिरीचा उलगडा झाला की तो विरतो, असे प्रहसनाचे गृहीतक आहे. फाल्गुनरावापुरते ते मान्य करता येईल. रेवतीकडे समाज ज्या नजरेने पाहतो ती नजर मात्र कोणत्याही चुकून घडलेल्या योगायोगातून जन्मलेली नाही, त्यामुळे खुलाशाने ती निवळणारही नाही. शिवाय, रेवतीला मान मिळतो तो ती आपल्या आईच्या वाटेवरून बाजूला होते म्हणून. मघेसाठी या सुखान्तात जागा नाही.

हा दोष देवलांच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. प्रहसन हा प्रकारच मुळात चुकीचा उलगडा करण्यासाठी घडलेला आहे. अन्यायाचा उलगडा त्याच्या आवाक्यात नसतो. परंतु देवलांनी एक सोय म्हणून परक्या साच्यात नायकिणीची मुलगी बसवली आणि तो साचा तिला पुरला नाही, म्हणूनच हा फरक आपल्याला दिसू शकला. रूपांतराचे उत्तरदायित्व बहुधा येथेच असते. मुळाशी जुळण्यापेक्षा, आपल्या समाजातले जे माणूस त्या चौकटीत मावत नाही, ते रंगमंचावर उभे करण्यात.