नागीण आणि दुसऱ्याचे संचित

नागिणीने कमरेला विळखा घालून तोंड आणि शेपूट एकत्र आणली की माणूस दगावतो, ही महाराष्ट्रात खोलवर रुजलेली समजूत ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात आढळावी, आणि अणुविद्येचा व्यासंग हाच जिथला नित्याचा व्यवसाय त्या शेजारच्या अणुशक्तिनगरातही एखाद्या आजीच्या तोंडून ती ऐकू यावी, यात मला नवल वाटत नाही. अंगावर उठलेला तो जळजळणारा पट्टा पाहिल्यावर सर्पाचे स्मरण न होणे हेच कठीण.

वैद्यकाची कैफियत वेगळी आहे. बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू देह सोडून जात नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तो कित्येक दशके निपचित पडून राहतो आणि देहाचा पहारा ढिला पडला की त्याच तंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडातील एका लहान गावच्या डॉक्टरांनी ही उपपत्ती १९६५ साली मांडली. तो मज्जातंतू देहाच्या एकाच अंगाला पसरलेला असल्यामुळे पुरळही मध्यरेषेशी थांबते, आणि म्हणून धडधाकट माणसात विळखा सहसा पुरा होतच नाही. परंतु रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेला, परक्याचे मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा, एचआयव्हीने पोखरलेला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेला जो रुग्ण, त्याच्या बाबतीत ही हद्द पाळली जाईलच असे नाही. फोड अंगभर विखुरतात, प्रसंगी फुप्फुसे, यकृत वा मेंदूपर्यंत विषाणू पोहोचतो आणि प्राणांवर बेतते. जुन्या समजुतीने कारण चुकीचे सांगितले, तरी तिच्या भयाला काही आधार होता, हे तिला हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता, फार पूर्वी शिरलेले, विसरलेले, आणि दुर्बळ क्षण गाठून फळाला येणारे असे हे जे काही आहे, त्यात आपल्या परंपरेत वाढलेल्या मनाला संचित आणि प्रारब्ध यांचे प्रतिबिंब दिसावे हे स्वाभाविकच होय. आजारी माणूस “माझ्याच वाट्याला हे का?” असे विचारतो आणि भोवतालची मंडळी तत्काळ “भोग आहेत, भोगलेच पाहिजेत” असे उत्तर देऊन मोकळी होतात. हे साम्य मोहक आहे, आणि म्हणूनच ते मला घातक वाटते. कांजिण्या मुलाला दुसऱ्या मुलाच्या संगतीत होतात. त्यात त्याचे कोणते कर्म? आणि पहारा ढिला पडतो तो तरी पुष्कळदा कोणाच्या हुकमाने? कर्करोगावरील उपचारांचेच पाहा. परळचे टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून ज्या अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आले, त्याच खात्याच्या ट्रॉम्बे येथील अणुभट्ट्यांतून रोगनिदानासाठी व उपचारांसाठी किरणोत्सारी द्रव्ये निर्माण होत आली आहेत. कर्करोगाच्या पेशी मारणारे प्रारण आणि जहाल औषधे रक्तातील रक्षक पेशींनाही मारतात, हे वैद्य जाणतो, रुग्णाला सांगतो, आणि रुग्ण ते ऐकून संमती देतो. जगण्याच्या इच्छेने, जाणूनबुजून पत्करलेली ही दुर्बलता पूर्वपापाचे फळ मानणे म्हणजे ज्याला पुरुषार्थ म्हणावे त्यालाच शिक्षा ठरवणे होय.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक प्रकरणच योजिले आहे; त्या दोन शब्दांची ही जोडणीच मला फार महत्त्वाची वाटते. कर्मविपाकाचा विचार मी नाकारीत नाही. स्वतःच्या वेदनेला “माझे भोग” म्हणून एखादी वृद्धा ती धीराने सोसते, तेव्हा त्या शब्दांत तिचे स्वातंत्र्यच प्रकट झालेले असते, आणि तिच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण तेच शब्द तिच्या सुनेच्या तोंडून आले की ते सांत्वन राहत नाहीत, तो निवाडा होतो. दुसऱ्याच्या संचिताचे दफ्तर उघडून वाचण्याची सनद कोणालाही मिळालेली नाही. त्याच्या बाबतीत आपल्यापुढे असते ते केवळ आपले या घटकेचे कर्तव्य.

भोग म्हणून सोडून दिल्याने, किंवा गेरूचा लेप लावून मांत्रिकाच्या दारात बसल्याने जो काळ जातो, तोच या रोगात सर्वांत मोलाचा असतो. ॲसायक्लोव्हिर हे औषध, ज्या संशोधनपरंपरेतून ते आले तिच्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णात रोग पसरू लागला असेल तर ते रुग्णालयात शिरेवाटे द्यावे लागते, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत ७२ तास उलटून गेले म्हणून उपचार नाकारावयाचा नसतो. जिवंत विषाणूची जुनी लस अशा दुर्बळांना देता येत नसे. भारतात २०२३ पासून मिळू लागलेल्या लशीत जिवंत विषाणू नाही; ती दोन मात्रांत घ्यावयाची असते, पण तिची किंमत ट्रॉम्बेतील पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि या अन्यायाचे खापर कोणत्याही पूर्वजन्मावर फोडता येणार नाही.

विटाळाची कल्पना मात्र इथे थोड्या निराळ्या रूपात खरी ठरते. फोडांतल्या पाण्यातून, आणि रोग अंगभर पसरला असेल तर हवेतूनही, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना त्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ह्या मुलांनी आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवतीने दूर राहावे. घरातल्या ज्या धडधाकट माणसांना त्या येऊन गेल्या आहेत, त्यांनी रोग्याच्या उशाशी खुशाल बसावे. पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने मागे उरणारी मज्जातंतूंची वेदना काही जणांना साध्या सदऱ्याचा स्पर्शही सोसू देत नाही, आणि त्या काळात तर कोणालाच दूर राहण्याचे कारण उरत नाही.