उपवासाचे दिवस आणि तरुणांचे खेळ

उपवासाच्या दिवसांत तरुणांनी हसावे, खेळावे की नाही? हा प्रश्न पुष्कळ ख्रिस्ती घरांत उठतो. वडील मंडळी म्हणते, गंभीर असावे. मुले घरामागे जाऊन गुपचूप खेळतात. ह्याविषयी सर्बिया देशातील खेड्यांची जुनी रीत आम्हांस बोधप्रद वाटते.

तेथील ऑर्थोडॉक्स मंडळी पुनरुत्थानाच्या सणापूर्वी सात आठवडे मोठा उपवास पाळते. मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. लग्ने लागत नाहीत. जुन्या काळी 'कोलो', म्हणजे हातात हात गुंफून धरलेला नाचाचा फेर, तोही ह्या दिवसांत थांबत असे. तथापि ज्यांस वाद्य लागत नाही असे खेळ गावात होतेच. 'क्लिस' तर आपल्या विटीदांडूचाच भाऊ. दुसरा खेळ अंगठीचा: पुष्कळ टोप्यांपैकी एकीखाली अंगठी लपवावयाची व दुसऱ्या पक्षाने ती शोधावयाची. पुढे लाजराच्या शनिवारी लहान मुले घंटा वाजवीत, वाळुंजीच्या डहाळ्या घेऊन मंदिरास प्रदक्षिणा करीत. काही गावांत मुली घरोघर गाणी गात फिरत आणि त्यांस अंडी मिळत.

कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. नाच सोडला आणि खेळ धरला. ह्या आक्षेपात तथ्य आहे. सारा गाव थांबला म्हणून जो थांबला, त्याने अद्याप स्वतः काही सोडलेले नाही. टोप्यांच्या खेळात ज्याने लबाडी केली किंवा हरलेल्यास हिणवले, त्याचे पाय स्थिर असूनही त्याचा उपवास मोडला. उलटपक्षी, आपल्या प्रभूने उपवास करणाऱ्यास म्लानमुख होण्याची आज्ञा केली नाही. तोंड धुण्यास सांगितले.

म्हणून बंधूंनो, तरुणांजवळ एखादी गोष्ट मागावयाची तर ती वडिलांनीही त्यांच्याबरोबर सोडावी, आणि निर्मळ आनंदास वाट ठेवावी. नुसत्या मनाईने मन शुद्ध होत नाही. ते केवळ लपावयास शिकते.

त्या गाणाऱ्या मुलींकडे पाहा. अंडे हाती आले, तरी उपवास सुटेपर्यंत ते खावयाचे नाही. त्या अंड्याचा त्यांस तिटकारा नाही. सणाची वाट पाहावयाची आहे, इतकेच. आमच्या मते खरा उपवास हाच: देवाच्या दानाचा द्वेष नव्हे, तर त्याच्या वेळेपर्यंत आनंदाने थांबणे.