दिलेलं प्यादं



जर्सी सिटीतली रविवार सकाळ. न्यूअर्क अव्हेन्यूवरची दुकानं अजून उघडायची आहेत. इकडे मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेचं दार बंद झालंय. बाहेर आई, हातात डबा. नजर दाराच्या काचेवर.

आत लेकीनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. समोरच्या मुलानंही तेच केलं. मग तिनं वजिराशेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे केलं. घे, म्हणाली जणू. हा वजिराचा गँबिट. मुलानं प्यादं झटकन उचललं. आणि ते राखता राखता त्याचा सगळा डाव उसवत गेला.

देऊन बघावं, मंडळी. भांडणातला शेवटचा शब्द आपण किती घट्ट धरून बसतो! तो एकदा देऊन बघावा. अर्थात पट पाहून. न बघता दिलेलं प्यादं नुसतंच जातं.

2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यावर नागपूरची दिव्या देशमुख आईला बिलगून रडली होती. इथली ही लेक बाहेर आली, ती रडली नाही की हसली नाही.

“काय झालं गं?”

“सांगते. आधी पोळीचा रोल दे.”